कोळी गाडीची दुसरी सीट

गाडी बघायला कुणीबी येऊ द्या, त्याचा पहिला सवाल ठरलेला. आधी एक चक्कर मारायचा, बोनेटवरून हात फिरवायचा, आत डोकवायचा आणि मंग म्हणायचा, बाकीचे कुठं बसतेत?

बाकीचे कुठंच बसत न्हाईत. इटलीतल्या कुण्या शहाण्या माणसानं ती गाडी करतानाच बाकीच्यांना वजा केलं होतं. दोन सीटा, वर आभाळ, संपलं. छत होतं ते कापडाचं, तेबी घडी करून मागं ठेवून द्यायचं. दाराला काचा न्हाईत, बाहेरून मूठ न्हाई. वरून हात आत घालायचा, दोरी ओढायची, की दार उघडतं. सीटांच्या मागं एक पिशवी मावेल न मावेल एवढी जागा. आमच्या खजुरीच्या फाट्यावर एका टमटममध्ये अख्खं वऱ्हाड बसतं, तिथं असली गाडी म्हणजे लोकांना चेष्टाच वाटायची.

मला न्हाई वाटली. मला ती पहिल्या दिवशीच कळली, आणि कामून कळली ते मी कुणाला सांगितलं न्हाई. सांगू कसं? लग्न करून उदगीरकडून मी इकडं कर्नाटकात आले तेव्हापासून आम्ही दोघं म्हणून कुठं गेलोच न्हाई. देवाला निघालो तर जीप भरून. दवाखान्यात निघालो तर सासूबाई सोबत, कारण त्याच डॉक्टरला त्यांनाबी गुडघे दाखवायचेच असायचे. लग्नाकार्याला निघालो तर मोटारसायकलवर पुढं पोरगा, मधी हे, मागं मी आणि माझ्या मांडीवर भावकीतलं कुणाचं तरी लेकरू. नवराबायकोनं उगंच, कामाबिगर, दोघंच हिंडून यावं याला आमच्याकडं कुणाची बंदी न्हाई, पण ते कुणाला सुचत न्हाई. मला सुचायचं. लई सुचायचं.

आता ती गाडी आमच्या दारात न्हाई. हैदराबादच्या एका माणसाकडं गेली, जुन्या गाड्या जिवापाड जपतो म्हणतेत. जपू दे. गाडीसाठी मी रडले न्हाई. पण दुपारचं काम आवरून ओट्यावर बसलं की त्या दुसऱ्या सीटसाठी अजून जीव तुटतो, हे खरं आहे.

आमचे हे मेकॅनिक. शेती आहे, पण जीव लोखंडात. फाट्यावर शेड आणि शेडच्या मागंच आमचं घर. ट्रॅक्टर, पंप, मळणीयंत्र, जे येईल ते दुरुस्त करायचे. भालकीकडं एक कापसाची जिनिंग बंद पडली, तिथलं जुनं ऑइल इंजिन आणायला म्हणून गेले आणि इंजिनाबरोबर ही गाडी ट्रॉलीत घालून आले. संस्थानी काळातल्या एका जहागीरदाराच्या पोरानं विलायतेहून बोटीनं आणली होती म्हणे. मंग घराणं पांगलं आणि गाडी या हातातून त्या हातात करत जिनिंगच्या गोदामात येऊन पडली. तिच्यावर कुणी बारदाना रचला, तो तसाच राहिला. उंदरांनी छत खाल्लं, सीटा खाल्ल्या, वायरी खाल्ल्या. इंजिन तेवढं वाचलं, कारण ॲल्युमिनियमला दात लागत न्हाईत, असं हे हसून म्हणले.

ट्रॉलीतून उतरवली तेव्हा सासूबाई होत्या अजून. त्या म्हणल्या, ह्या टपात काय म्हशीला पाणी पाजायचं का? आम्ही सगळे हसलो. मीबी हसले. हसता हसता मला त्या दोन सीटा दिसल्या, नुसत्या स्प्रिंगा वर आलेल्या, आणि माझं हसू तिथंच थांबलं.

कंपनीचं नाव बोनेटवर होतं, पण आमच्या जिभेला ते कधी वळलं न्हाई, तर राहू द्या. तसल्या गाड्या बनवल्याच थोड्या, आणि आता जगात हाताच्या बोटावर मोजाव्यात एवढ्या उरल्यात, हे यांनी फोनवर बघून सांगितलं. मला त्याचं काई न्हाई. मला नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटायचं. घरात चार शब्द न बोलणारा हा माणूस त्या गाडीपाशी आला की बोलायला लागायचा. आणि बोलायचा ते माझ्याशी. दुपारी गिऱ्हाईक कमी असायचं, मी चहा घेऊन जायची, कप रिकामा झाला तरी मी तिथंच.

इंजिनात सहा सिलेंडर, पण ते एका ओळीत उभे न्हाईत. तीन इकडं कललेले, तीन तिकडं. यांनी ऑइलनं काळे झालेले दोन्ही तळवे मनगटाशी जोडून, वर फाकवून दाखवलं, असे. कामून तसं, मी विचारलं. तर म्हणे एका ओळीत घातले की इंजिन लांबतं, नाक लांबतं, आणि असं केलं की आखूड राहतं. शिवाय इकडचा धक्का तिकडचा खाऊन टाकतो, म्हणून थरथर कमी. त्या काळात असलं इंजिन गाडीत बसवायचं कुणाला जमलं नव्हतं, इटलीवाल्यांनी पहिल्यांदा करून दाखवलं, हे सांगताना आवाज असा चढायचा की जणू यांच्याच चुलत्यानं केलं होतं.

आणि गिअरबॉक्स. तो इंजिनाला चिकटलेला नव्हताच. पार मागं, मागच्या दोन चाकांच्या मधी. क्लच पण तिथंच. मागचे ब्रेक सुद्धा चाकात न्हाईत, आत, गिअरबॉक्सच्या दोन बाजूंना. मी म्हणलं, हा काय उलटा कारभार? तेव्हा हे खाली बसले आणि मातीत काडीनं गाडी काढली. पुढं इंजिनाचं ओझं, मागं गिअरबॉक्सचं ओझं, कावडीच्या दोन घागरींसारखं. मंग वळणावर गाडी पुढून ओढ खात न्हाई की मागून फेकली जात न्हाई. आणि ब्रेक आत घेतले की चाक हलकं होतं, खड्ड्यात पटकन उतरतं, पटकन वर येतं. ते काडीनं रेघा मारायलेत आणि मी बघायले त्यांच्या तोंडाकडं. या माणसाच्या आत एवढं बोलणं होतं, आणि इतकी वर्षं मला त्यातलं मीठमिरचीपुरतंच मिळालं. मला राग यायचा आणि गोडबी वाटायचं, दोन्ही.

तर गाडीला नाव मी दिलं. आणि त्या नावानंच माझा घात केला.

झालं असं. असल्या उघड्या दोन सीटांच्या गाडीला इटलीत स्पायडर म्हणतेत, हे यांनी मला सांगितलं. पूर्वी घोड्याच्या हलक्या बग्ग्या असायच्या, चाकं बारीक आणि मोठी, दुरून किड्याच्या पायांसारखी दिसायची, त्यावरून पडलेलं नाव. मी म्हणलं, स्पायडर म्हणजे आपला कोळीच की. चाकं बी बगा, तारा कशा जाळ्यासारख्या. हे खूश झाले. त्या दिवसापासून आमच्या घरात ती कोळी. कोळीचं टायर आलं, कोळीला पाणी घाला, कोळीवर कापड टाका.

मी माहेरची उदगीरची. कन्नड मला भाजीपुरतं येत होतं. आता गावात निम्मी घरं मराठी, निम्मी कन्नड, आणि बाजारात दोघांची उर्दूतली सरमिसळ. कन्नडात कोळी म्हणजे कोंबडी, हे माझ्या डोक्यात आलंच न्हाई. यांच्या डोक्यात यायला पाहिजे होतं, जन्म इथला, पण यांचं डोकं तेव्हा कार्बोरेटरमधी. झालं, फाट्यावर बातमी गेली की अण्णांनी, म्हणजे आमच्या यांनी, शेडमधी कोळी गाडी केलीय. मराठी माणसाला कळलं एक, कन्नड माणसाला दुसरं. एक जण अंडी किती मिळतील विचारून गेला. एकानं पिंजरा कुठं बसवणार म्हणून सवाल केला. कमलापूरकडून एका पोल्ट्रीवाल्याचा फोन आला, भाडं कसं घेता. आम्ही पोट धरधरून हसलो. हसण्यासारखं होतंच ते, तेव्हा.

गाडीचं काम लांबलं. इथं तिचा एक खिळा मिळत न्हाई. यांनी काई सोलापूरच्या लेथवर करून घेतलं, काई फोनवर मागवलं, काई ट्रॅक्टरचं घासून बसवलं. सगळ्यात जास्त जीव खाल्ला तो गिअरच्या दांडीनं. दांडी दोन सीटांच्या मधी आणि गिअर पार मागं, म्हणजे मधी एक लांबलचक सळई आणि तिला सांधे. सांधे झिजलेले, दांडी वरणात पळी फिरावी तशी फिरायची. पितळी बुश करून आणले, तरी दुसरा गिअर हट्टीच राहिला. तो नेमका कुठं बसतो ते यांच्या हातालाच कळायचं.

छत मी शिवलं. तालुक्याला, आळंदला जाऊन जाड कापड आणलं, माझ्या शिलाई मशीनच्या सुया मोडल्या, शेवटी दाभण घेऊन हातानं टाके घातले. बोटं सोलून निघाली. छत लोखंडी कमानींवर ताणून बसवलं, कुठं सुरकुती न्हाई. यांनी दोनदा हात फिरवला आणि म्हणले, "पहिली चक्कर तुझी. आपण दोघंच. निंबर्ग्याच्या रस्त्यानं जाऊ."

मी विचारलं, निंबर्ग्यात काय काम आहे?

"काईच न्हाई," हे म्हणले.

काय सांगू मला कसं वाटलं. लग्नाच्या वेळी सोनं घातलं अंगावर, तेव्हा सुद्धा एवढं वाटलं नसेल. काईच काम न्हाई, तरी जायचं. मी त्या दिवसाची अशी वाट बघितली की सासूबाईंना संशय आला, माहेरी कुणाचं लग्न निघालंय का म्हणून.

तो दिवस आला. इंजिन लागलं. आवाज डिझेलसारखा धडधडा न्हाई, अंगात भरणारा, जाड पण गुळगुळीत. मी निळी इरकल नेसले, केस नीट घट्ट बांधले, कारण वारा लागणार. छत मागं पाडलेलं. सासूबाईंना सांगितलं, जरा जाऊन येतो. कुठं, त्या म्हणल्या. मी म्हणलं, कुठं न्हाई. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला ताप आहे का काय.

मी दारात आले तर गाडीपाशी पलीकडच्या गल्लीतली अज्जी उभी. घरची धनगर, कन्नड बोलणारी, वयानं थकलेली, काखेत पाय बांधलेली कोंबडी. आळंदचा बाजार होता त्या दिवशी. तिनं यांना विचारलं, कोळी गाडी होंटदेन? म्हणजे कोंबडीची गाडी निघाली का? आणि उत्तराची वाट न बघता तिनं दारावरून हात आत घातला, दोरी कशी सापडली देव जाणे, ओढली आणि बसली. माझ्या सीटवर. कोंबडी मांडीवर घेतली, पदर डोक्यावरून घट्ट ओढला आणि समोर बघायला लागली, आता निघा म्हणून.

यांनी आधी तिच्याकडं बघितलं. मंग माझ्याकडं बघितलं. आमच्या यांना जन्मात कुणाला न्हाई म्हणता आलेलं न्हाई. उधारीवाल्याला न्हाई, भावकीला न्हाई, फुकट हवा भरून मागणाऱ्याला न्हाई. हळूच म्हणले, म्हातारी आहे, बाजार चुकेल तिचा, उद्या तुला नेतो. आणि गेले. फाट्यावरची पोरंटोरं टाळ्या वाजवायलेत, कोंबडी ओरडायलीय, आणि मी इरकल नेसून दारात उभी.

घरात येऊन लुगडं सोडलं आणि भाकरी थापायला बसले. अशा थापल्या की सासूबाई म्हणल्या, पिठानं काय वाकडं केलंय तुझं? मला त्या अज्जीचा राग न्हाई आला, खरंच न्हाई. तिला तिच्या भाषेत जे ऐकू आलं ते बरोबरच होतं. राग यांचा आला, आणि त्या नावाचा. दुसरं कोणतंबी नाव ठेवलं असतं तर.

उद्या काई आला न्हाई. अज्जीनं आळंदच्या बाजारात आणि परत येऊन साऱ्या गल्लीत असं काई सांगितलं की ती सीट गावाची झाली. कुणाला फोटो काढायचा, कुणाला नवरदेवाला मिरवायचं, कुणाच्या पाव्हण्याला बस गाठून द्यायची. गाडी थोडे दिवस चालायची आणि मंग एखादं रबर फाटलं की महिनोन्महिने उभी. पुन्हा चालू झाली की दारात कुणी तरी हजरच. एकदा तर सासूबाईच बसल्या, गुडघे दाखवायला आळंदला, जाताना येताना डोळे मिटून देवाचं नाव घेत. उतरल्यावर म्हणल्या, गार वाटतं गं, तू बी जाऊन ये एकदा.  हे त्यांनी त्यांच्या लेकाला, आमच्या यांना, सांगायला पाहिजे होतं.

भांडले मी. कितीदा भांडले. हे ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, म्हणायचे तुझं खरं आहे, यंदा करडई फुलली की नक्की. करडई फुलायची, वाळायची, निघायची. सासूबाई गेल्या, पोरगा हैदराबादला नोकरीला लागला, घर रिकामं झालं. मला वाटलं, आता तरी. आता आहेच कोण आडवं यायला?

मंग एका सकाळी शेडमधी पाना खाली पडल्याचा आवाज आला. पाना पडतोच, मी लक्ष दिलं न्हाई. पण उचलल्याचा आवाज आला न्हाई, म्हणून गेले. हे जमिनीवर बसलेले, उजवा हात लोंबकळलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. लकवा. सोलापूरला नेलं, डॉक्टरांनी केलं ते केलं, जीव वाचला. उजवा हात गेला, उजवा पाय काठीच्या आधारानं थोडा फार उचलतो. आणि बोलणं गेलं. सगळं गेलं. राहिला एक शब्द. न्हाई. पाणी पाहिजे का, न्हाई, आणि हात तांब्याकडं. झोपता का, न्हाई, आणि डोळे मिटलेले. हो म्हणायचं असलं तरी न्हाई, नको असलं तरी न्हाई. ज्या माणसाला जन्मभर जो शब्द फुटला न्हाई, देवानं त्याच्या तोंडात तेवढाच ठेवला. मी कधी हसायचे त्याच्यावर, त्यांच्यासमोर. मागल्या दारी जाऊन रडायचे.

पोरानं फोनवर गाडीचा विषय काढला. शहाणा आहे तो, चुकीचं काई बोलला न्हाई. उभी राहून सडेल, आई, रबर चिरेल, टाकीला गंज धरेल. इथं एक माणूस आहे, तो तिला चालती ठेवील. मी हो म्हणलं. करडईच्या दिवसांत, सोमवारी ट्रक येणार असं ठरलं. फोन ठेवला आणि मला कळलं, मी तिच्यात एकदाही बसले न्हाई. आता गेली म्हणजे गेली. दुसऱ्या कुणाच्या दारात उभी राहील आणि तिथली बाई बसेल माझ्या सीटवर.

मी ठरवलं, यांना निदान तिच्यात बसवायचं. आता ही गाडी जमिनीला टेकलेली, बसणं म्हणजे खड्ड्यात उतरणं. मी आधी यांना दाराच्या चौकटीवर टेकवलं, मंग आत सरकवलं, मंग उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला. घामाघूम झाले. आणि बसवलं ते अर्थातच त्या दुसऱ्या सीटवर. चालवायच्या सीटवर पायाशी तीन पेडल, तिथं लुळा पाय घेऊन काय करतील? मंग मी गाडीला वळसा घालून गेले आणि स्टेअरिंगसमोर बसले. एवढी वर्षं जिच्यासाठी जीव टांगला ती सीट यांना दिली आणि मला मिळाली ती यांची.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, न्हाईतर पुढचं कळणार न्हाई. ही गाडी तिकडची, रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालणाऱ्यांची. म्हणून तिचं स्टेअरिंग डावीकडं. मी डावीकडं बसलेली, हे उजवीकडं, गिअरची दांडी आमच्या मधी. आपल्याकडची कुठलीबी गाडी असती तर हे माझ्या डावीकडं बसले असते आणि त्यांचा चांगला हात, डावा, तिकडं दाराशी पडला असता. इथं तो हात मधी आला. मी नुसती स्टेअरिंगला धरून बसलेय, इंजिनसुद्धा बंद, आणि यांचा डावा हात आपोआप उचलला गेला आणि दांडीच्या गोळ्यावर जाऊन बसला. मी बघतच राहिले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मंग माझ्या पायाकडं. मंग पुन्हा माझ्याकडं.

मी क्लच दाबला. त्यांनी दांडी पुढं ढकलली. मागं, आमच्या पाठीमागं, खट्ट करून पहिला गिअर बसल्याचा आवाज आला.

मला स्कुटी येते, पण स्कुटीला क्लच कुठं आहे? घराच्या मागं काढलेल्या हरभऱ्याचं रान रिकामं होतं, तिथं आम्ही सकाळच्या वेळी शिकलो. इंजिन बंद पडायचं, गाडी बेडकासारखी उडायची, यांचं डोकं पुढच्या काचेला लागता लागता राहायचं. हे न्हाई म्हणायचे आणि मी म्हणायचे, कळलं, कळलं. पण दांडी मी एकदाही धरली न्हाई. दुसरा गिअर माझ्या हातून बसला नसता आणि मला बसवायचाबी नव्हता. मी पाय दाबायचा, यांनी हात फिरवायचा. पाय लवकर सुटला तर मागं दाते करकरायचे आणि हे माझ्याकडं असे बघायचे की मी त्यांच्या लेकराला चिमटा घेतलाय. हात लवकर आला तर मीबी तसंच बघायची. हळूहळू बघणं कमी झालं. इंजिनाचा आवाज वर चढला की माझा पाय आणि यांचा हात एकदमच निघायला लागले.

रविवारी मी इरकल नेसले न्हाई. धुवट पातळ, केसांना रुमाल. छत मागं पाडलं. शेजारणीनं विचारलं, कुठं निघालात अण्णांना घेऊन? मी म्हणलं, कुठं न्हाई.

निंबर्ग्याचा रस्ता त्या वेळी बघावा. तुरी निघून गेलेल्या, रानं मोकळी, आणि मधी मधी करडई, पिवळी आणि कुठं कुठं केशरी झालेली. उघड्या गाडीत वास अंगावर येतो हे मला ठाऊक नव्हतं. ओल्या मातीचा वास वेगळा, शेणखताचा वेगळा, करडईचा जरा उग्र. वळण आलं आणि मला भीती वाटली, पण गाडी वळणात अशी बसून गेली की मला मातीत काडीनं काढलेली कावड आठवली. खरंच सांगत होते हे. सगळं खरं होतं आणि मी ते निम्म्या कानानं ऐकलं होतं.

तिथं मला हुंदका आला. मिळालं की, आणखी काय पाहिजे? दोघंच होतो. कुणाच्या मांडीवर कुणाचं लेकरू न्हाई, काखेत कोंबडी न्हाई. पण मला नुसतं दोघंच नको होतं. मला तो बोलणारा माणूस पाहिजे होता, चहा गार होईस्तोवर बोलणारा. शेजारी बसून त्यानं सांगितलं असतं, आता ऐक, आता सहाच्या सहा कसे एका सुरात चाललेत. वारा होता, डोळ्यांतलं पाणी कानाकडं चाललेलं, पुसायला हात मोकळा न्हाई.

मंग मीच बोलायला लागले. त्यांनी मला सांगितलेलं मी त्यांना सांगायला लागले. सिलेंडर सहा, तीन इकडं, तीन तिकडं. धक्का धक्क्याला खातो. ब्रेक आत, चाक हलकं. ते समोर बघत ऐकत होते. मला खोडी काढावी वाटली, मी म्हणलं, आणि गिअरबॉक्स पुढं, इंजिनाला चिकटलेला, व्हय ना?

"न्हाई," हे म्हणले. एकदम, ठसक्यात.

मी म्हणलं, आणि सिलेंडर एका ओळीत उभे?

"न्हाई."

मी चुकीचं विचारत गेले आणि हे न्हाई म्हणत गेले, आणि त्या रस्त्यावर थोडा वेळ त्यांचा एकुलता एक शब्द प्रत्येक वेळी बरोबर पडत होता. त्यांच्या तोंडाची चांगली बाजू हसायली होती. लकव्यानंतर आम्ही एवढं बोललो नव्हतो.

निंबर्गा दिसायला लागलं. देवळाचं शिखर, पाण्याची टाकी, रस्त्यात बसलेली शेरडं. शेरडांसाठी आम्ही तिसऱ्या गिअरवर आलो. पेट्रोलचा काटा खाली आला होता, ऊन चढलं होतं, आणि डॉक्टरांनी यांना फार वेळ बसवू नका म्हणून बजावलेलं. आणि उद्या सोमवार. मी विचारलं, "वळवू का आता? घरी जायचं?"

"न्हाई," हे म्हणले.

पण न्हाई तर ते सगळ्यालाच म्हणतेत. मी त्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. समोर शेरडं बाजूला झाली होती, गावाच्या पलीकडं रस्ता सरळ निघाला होता. त्यांनी डावा हात दांडीवर घट्ट केला, सगळ्यात वेगाच्या, टॉप गिअरच्या बाजूला दाबून धरला आणि थांबून राहिले.

मी क्लच दाबला.